जंगलातली ओळखपरेड

वाघाने माणूस मारला, ही बातमी गावात पोचते तेव्हा गावापुरता तपास संपलेला असतो. कोणी मारलं? वाघाने. कुठे? नाल्यापाशी. पुढे विचारायचं काय उरतं? वनखात्याचं काम मात्र नेमकं तिथून सुरू होतं, कारण ‘वाघ’ हे त्यांच्या लेखी उत्तर नसतंच. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत. त्यातला कोणता, हे ठरेपर्यंत पिंजरा लावता येत नाही, बेशुद्धीचं इंजेक्शन मारता येत नाही आणि गावकऱ्यांना तोंडही दाखवता येत नाही. पोलिसी कथांमध्ये गुन्हेगार कोण हे शेवटच्या पानावर कळतं. इथे जातकुळी पहिल्याच ओळीत कळते, ओळख पटवणं तेवढं बाकी राहतं.

हे प्रकरण अशा एका तपासाविषयी आहे ज्यात आरोपी देशभर प्रसिद्ध होती, मृत व्यक्ती खात्याचीच होती आणि तपास करणारे तिचे सहकारी होते.

चंद्रपूरहून इरई धरणाच्या कडेकडेने वर गेलं की मोहर्ली येतं. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं हे सर्वांत गजबजलेलं दार. आतला गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा, भोवतीचं बफर क्षेत्र अकराशेच्या आसपास. गावात हॉटेलं, जिप्सी, गाईड आणि जिकडेतिकडे वाघांचे फोटो. इथल्या वाघांना खात्याच्या नोंदीत क्रमांक असतो आणि लोकांच्या तोंडी नाव: माया, माधुरी, वाघडोह, गब्बर, मटकासूर. नावाबरोबर वंशावळही पाठ असते. कोण कोणाची मुलगी, कोणी कोणाला हुसकावलं, कोणाचे बछडे जगले, हे गाईड एखाद्या राजघराण्याचा इतिहास सांगावा तसं सांगतात. त्या घराण्यातली सर्वांत मानाची टी-१२, म्हणजे माया. २०१० च्या सुमाराला जन्मलेली, पांढरपौनीच्या पाणवठ्यांभोवती राज्य करणारी. जिप्सींची तिला भीती नव्हती. रस्त्याच्या मधोमध, मागे-पुढे गाड्यांची रांग असताना ती शांतपणे चालायची. देशोदेशीच्या छायाचित्रकारांनी तिला टिपलं. सार्वजनिक व्यक्ती हा शब्द एखाद्या वाघिणीला लावायचा झाला तर तो मायाला लावावा लागेल.

२० नोव्हेंबर २०२१. देशभरातल्या व्याघ्रगणनेचा हंगाम होता. ही गणना दर चार वर्षांनी होते आणि तिचा पहिला टप्पा पायी असतो. ठरलेल्या वाटेवर चालत वाघ-बिबट्यांच्या खुणा नोंदवायच्या: पावलांचे ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. कोलारा वनपरिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन वनमजुरांना सोबत घेऊन सकाळी सातच्या सुमारास निघाल्या. साधारण चार किलोमीटर चालून ते कक्ष क्रमांक ९७ मध्ये आले, तेव्हा वाटेवर सुमारे दोनशे मीटर पुढे वाघीण दिसली. ती माया होती. चौघं थांबले. अर्धा तास ती हलेना. मग त्यांनी वाट सोडून झाडीतून वळसा घालून पुढे जायचं ठरवलं. वाघिणीला त्यांची चाहूल लागली होती. तिघे पुढे होते, स्वाती सर्वांत मागे. हल्ला मागून झाला आणि तिने त्यांना फरफटत दाट झाडीत नेलं. शोध घेणाऱ्या पथकाला नंतर त्यांचा मृतदेह सापडला.

मायाचं नाव गूगलवर टाकलं की हजारो फोटो येतात. स्वाती ढुमणे यांच्या नावापुढे त्या एका दिवसाच्या बातम्या येतात, आणि बहुतेक मथळ्यांत वाघिणीचं नाव आधी असतं.

पोलीस खात्यात एक साधा संकेत आहे: मृत व्यक्ती जवळची असेल तर अधिकाऱ्याने त्या तपासापासून लांब राहावं. दुःखी माणसाची नजर एकाच दिशेला जाते. जंगलात हा संकेत पाळायला माणसंच नसतात. बीटवरचा, म्हणजे गस्तीच्या त्या हद्दीतला वनरक्षक, शेजारच्या बीटचा वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, रोजंदारीवरचे मजूर: एका वनपरिक्षेत्रात ही सगळी एकमेकांना नावाने, घरादारासकट ओळखणारी माणसं असतात. सहकाऱ्याचा मृतदेह शोधायला तीच जातात, पंचनाम्यावर सही तीच करतात, रात्री कॅमेरे तीच लावतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर गस्तही त्यांनाच घालायची असते. यातली कठीण गोष्ट वेगळीच आहे. ज्या वाघिणीच्या संरक्षणासाठी आपण पगार घेतो तिनेच आपल्यातली एक नेली, हे मनात ठेवून तिच्याविरुद्धचा पुरावा निर्विकारपणे लिहायचा. सूड म्हणून जास्त नाही आणि प्रेमापोटी कमी नाही.

हा पुरावा गोळा कसा होतो?

पहिली अडचण गर्दीची. हल्ल्याची बातमी कळताच गाव धावत येतं आणि शंभर पायांखाली सगळ्या खुणा पुसून जातात. म्हणून गावागावांत प्राथमिक प्रतिसाद दल नेमलेलं असतं. गावातलेच तरुण, अंगात खात्याचं जॅकेट. त्यांचं काम वाघाला हाकलण्याचं कमी आणि माणसांना आवरण्याचं जास्त. चिडलेल्या जमावासमोर आपल्याच काका-मामांना ‘मागं व्हा’ म्हणणं किती सोपं असेल, याची कल्पना करून पाहावी.

मग जमीन वाचायची. ओल्या मातीत किंवा धुळीत पाऊल उमटलेलं असेल तर त्याचं प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ठसा घेतात. नराचं मागचं पाऊल चौकोनाकडे झुकतं, मादीचं निमुळतं, लांबट. वाघाचं की बिबट्याचं हे आकारावरून बहुधा सांगता येतं. पण ‘हेच ते पाऊल, याच वाघाचं’ असं ठशावरून छातीठोकपणे सांगायचे दिवस गेले. पूर्वी आपल्याकडे वाघ ठशांवरूनच मोजत असत. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते आणि २००५ साली जंगलात एकही उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा त्या पद्धतीची पत संपली. फरफटत नेल्याची रेघ, तुटलेलं गवत, रक्ताचे थेंब यांतून हल्ला कुठे झाला आणि शरीर कुठवर नेलं हे कळतं. मृतदेहावर मानेच्या मागे सुळ्यांच्या जखमा असतील तर वाघाने मागून, माणूस वाकलेला किंवा पाठमोरा असताना झडप घातली असावी, असा कयास बांधला जातो. सुळ्यांमधलं अंतर मोजतात. जखमेभोवतीची लाळ कापसाच्या बोळ्यावर घेतात, कपड्यांना चिकटलेले केस चिमट्याने उचलतात, आसपास विष्ठा मिळाली तर तीही बाटलीत जाते. लाळेतून डीएनए मिळू शकतो. मात्र पाऊस, ऊन आणि उशीर हे त्याचे तीन शत्रू आहेत, आणि विदर्भात उन्हाची काही कमी नाही.

खरी ओळखपरेड होते ती पट्ट्यांची. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे सारखे नसतात. एवढंच नव्हे, तर एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. म्हणूनच ट्रॅप कॅमेरे जोडीने, वाटेच्या दोन्ही अंगांना, वाघाच्या कुशीच्या उंचीवर बांधतात. उष्ण शरीर समोरून गेलं की सेन्सर चाळवतो आणि फोटो निघतो. घटनास्थळाभोवती असे कॅमेरे लागतात. वाघ अनेकदा परत येतो आणि फोटो मिळतो. पुढचं काम टेबलावरचं. नवा फोटो एका बाजूला, जुन्या नोंदींतले दुसऱ्या बाजूला. संगणकाचा प्रोग्रॅम जुळणारे पर्याय काढून देतो, पण शेवटचा होकार माणसाच्या डोळ्याचा. खांद्यामागे दुभंगलेला पट्टा, मांडीवरचं बदामासारखं वेटोळं, गालावरच्या रेषा असं एकेक चिन्ह मोजत जायचं. फोटो बहुतेक रात्रीचा, कधी अर्धाच, कधी शेपटीपुरता. एकच कूस मिळाली आणि नोंदीत नेमकी दुसरीच असली तर सगळी मेहनत वाया. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांना पुढे यादी लागत नाही. पडद्यावर कूस दिसली की नाव तोंडात येतं. मायासारखी वाघीण ओळखायला तर गाईडलाही क्षण पुरला असता.

तेव्हा कक्ष ९७ च्या बाबतीत ‘कोण’ हा प्रश्न फार काळ टिकला नाही. दिवसाढवळ्या तिला पाहणारे तीन साक्षीदार होते आणि तो इलाखा तिच्या वावराचा होता. अवघड प्रश्न दुसरा होता: आता तिचं काय करायचं?

इथे कायदा वाचकाला बुचकळ्यात टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या अपराधाला कलमच नाही. कलम ११ एवढंच विचारतं की हा प्राणी यापुढे मानवी जीवाला धोकादायक आहे का. तसं वाटलं तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं लेखी नोंदवून परवानगी देतात. तीही आधी पकडण्याची किंवा हलवण्याची. यातलं काहीच शक्य नसेल तरच मारण्याची. म्हणजे मागे काय केलं याची शिक्षा नाही, पुढे काय करील याचा अंदाज. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत अवचित गाठ पडून झालेला मृत्यू वेगळा आणि माणसाच्या मागावर राहून, त्याला भक्ष्य समजून केलेला हल्ला वेगळा मानला आहे. पहिल्या प्रकारातल्या वाघाला जंगलातून उचलू नये, हा त्यामागचा विचार. कक्ष ९७ मध्ये माणसं गाभाक्षेत्रात, वाघिणीच्या घरात, पायी, तिच्यापासून दोनशे मीटरवर होती. वाघीण गावात आली नव्हती, गाव तिच्याकडे गेलं होतं. तेही सरकारी कामासाठी. तत्कालीन क्षेत्र संचालक डॉ. जितेंद्र रामगावकर यांच्या प्रशासनाने पायी सर्वेक्षण तात्काळ थांबवलं. मायाला पकडलं नाही. ती पांढरपौनीतच राहिली, आणि पर्यटकही तिला बघायला येत राहिले.

मला हा निर्णय तर्काला धरून वाटतो. पण मायाच्या जागी बिननावाची, बफरमधली, कोणी कधी फोटो न काढलेली वाघीण असती तर तिच्या बाजूने इतकी माणसं बोलली असती का, याची खात्री देववत नाही. प्रसिद्धी वाघालाही वकील मिळवून देते.

उलट टोकाची उदाहरणं याच पट्ट्यात आहेत. यवतमाळच्या पांढरकवड्याची टी-१, जिला लोकांनी अवनी म्हटलं, तिच्यावर तेरा मृत्यूंचा ठपका होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली. त्या रात्रीच्या घटनाक्रमावरून उठलेलं वादळ बराच काळ शमलं नाही. राजुऱ्याच्या आरटी-१ ला ऑक्टोबर २०२० मध्ये जिवंत पकडलं. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांत तेरा माणसं मारणाऱ्या सीटी-१ ला १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनविभागात बेशुद्ध करून जेरबंद केलं. सीटी-१ चा माग काढताना ओळख हीच मुख्य कामगिरी होती. तीन जिल्ह्यांतल्या वेगवेगळ्या फायलींमधला वाघ एकच आहे हे सिद्ध झालं, तेव्हाच त्या तेरा मृत्यूंची एक साखळी झाली. तोवर प्रत्येक मृत्यू सुटा, आणि प्रत्येक वाघ संशयाचा फायदा मिळालेला.

हे सगळे अपवाद नव्हेत. २०२२ या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत ५३ माणसं गेली. त्यातली ४४ वाघाने मारली, ९ बिबट्याने. मरणारा माणूस बहुतेक गुराखी असतो, नाहीतर मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी बाई. दोन्ही कामं वाकून करायची, भल्या पहाटे करायची, आणि नेमक्या उन्हाळ्यात, जेव्हा जंगलातले पाणवठे आटून वाघही उरलेल्या पाण्याजवळ येऊन बसतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी, एकाच हल्ल्यात मारल्या गेल्या. मृताच्या वारसाला आता २५ लाख रुपये मिळतात. त्यासाठीही पंचनामा, शवविच्छेदन आणि मृत्यू वन्यप्राण्यामुळेच झाल्याचा दाखला लागतो. म्हणजे तपास नीट झाला नाही तर वाघ सुटतो तो सुटतोच, घरच्यांचे पैसेही अडकतात.

या भागातला सर्वांत जुना बळी मात्र कोणत्याही नोंदवहीत नाही. ताडोबा तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना मेला, असं सांगतात. आपला मोठा माणूस वाघाने मारला म्हणून लोकांनी वाघाचा पाठलाग केल्याची कथा नाही. त्यांनी तारूलाच देव केलं. पौषात त्याची जत्रा भरत आली आणि त्याच्याच नावावरून जंगलाला ताडोबा म्हणू लागले. मरणाचा हिशेब मिटवायची ही एक रीत होती. पंचनाम्याची रीत तिच्या मानाने फार अलीकडची, आणि मन शांत करण्याच्या कामी तर फारच तोकडी.

आता तपासाची दुसरी बाजू, जिथे वाघ आरोपीच्या जागेवरून उठून बळीच्या जागेवर बसतो.

२०२३ च्या पावसाळ्यात ताडोबाचा गाभा नेहमीप्रमाणे पर्यटनासाठी बंद होता. त्या काळात जंगलात असतात ती फक्त गस्तीची माणसं. मायाला शेवटचं पाहिलं ते ऑगस्टमध्ये, त्यांनीच. १ ऑक्टोबरला दारं उघडली, जिप्सी पांढरपौनीला पोचल्या आणि माया दिसली नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. रोज ठरल्या जागी दिसणारी, तेरा वर्षांची वाघीण अशी नाहीशी झाली की मोहर्लीपासून मुंबईपर्यंत चर्चेला ऊत येतो. नव्या वाघिणीने हाकललं, बछडे घेऊन दडली, शिकाऱ्यांनी मारली.

शेवटची शंका हवेतली नव्हती. एप्रिल २०१२ मध्ये याच प्रकल्पालगत पळसगावच्या बाजूला गोंडमोहाडीजवळ लोखंडी सापळ्यांत दोन वाघ अडकले होते. त्यातला एक मेला. पुढच्याच महिन्यात शिकाऱ्यांवर गोळी चालवणाऱ्या वनकर्मचाऱ्यांवर गुन्हा दाखल होणार नाही, अशी भूमिका राज्य सरकारला घ्यावी लागली. २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्याजवळ वाघांच्या शिकारीतल्या एका सराईत टोळीचा म्होरक्या पकडला गेला. अशा प्रकरणांत वनखातं खरोखरच पोलीस होतं. झडती, जप्ती, अटक यांचे अधिकार कायद्याच्या कलम ५० ने दिलेले आहेत. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेली साक्ष पुढे न्यायालयात पुरावा म्हणून धरता येते. पोलीस ठाण्यातल्या जबाबाला एवढं वजन नसतं.

म्हणून वाघाच्या मृत्यूबाबत प्राधिकरणाचा नियम फौजदारी न्यायाच्या बरोबर उलटा आहे. अन्यथा सिद्ध होईपर्यंत प्रत्येक मृत्यू शिकारच समजायचा. नैसर्गिक मृत्यू होता हे खात्याने पुराव्यानिशी दाखवायचं. नखं, दात, मिशा, हाडं जागच्या जागी आहेत का, हा पहिला प्रश्न, कारण शिकारी याच गोष्टींसाठी येतो. शवविच्छेदन पशुवैद्यकांच्या पथकाने, बाहेरच्या प्रतिनिधींसमोर करायचं. नंतर देह पूर्ण जाळायचा, जेणेकरून नखभरही बाजारात जाऊ नये.

मायाच्या बाबतीत देहच नव्हता. कॅमेरे वाढवले गेले, पथकांनी तिचा इलाखा पायी पिंजून काढला. त्यात ती माणसंही होती ज्यांनी दोन वर्षांपूर्वी आपली सहकारी गमावली होती. नोव्हेंबरमध्ये ताडोबा वनपरिक्षेत्रात, तिच्याच हद्दीत, वाघाच्या सांगाड्याचे अवशेष सापडले. पट्टे उरलेले नसताना ओळखपरेड घ्यायची कशी? नमुने बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राकडे गेले. या संस्थेत वाघांच्या जनुकांवर बरीच वर्षं काम चाललेलं आहे आणि संशोधनासाठी मायाचा जुना नमुना तिथे आधीपासून होता. हे दैव म्हणायचं. तुलनेला जुनं काही नसतं तर हाडांतून एवढंच कळलं असतं की हा वाघ आहे, मादी आहे. नाव कळलं नसतं. हाडात किंवा दातात उरलेला डीएनए मोडका असतो, त्याचे छोटे तुकडे वाचावे लागतात, आणि ठरावीक जागांवरची अक्षरं जुन्या नमुन्याशी ताडून पाहावी लागतात. ती जुळली. अवशेषांवर शिकारीची चिन्हं नव्हती; मृत्यू नैसर्गिक असल्याचं खात्याने जाहीर केलं. रानातल्या वाघिणीसाठी तेरा वर्षं हे पिकलं वय.

मायाची फाईल अशी बंद झाली. स्वाती ढुमणे ज्या कामावर होत्या ते काम मात्र आजही तसंच आहे. कॅमेरे, उपग्रह, मोबाइलमधलं नोंदी ठेवणारं ‘एम-स्ट्राइप्स’ ॲप हे सगळं आलं, तरी पहिल्या टप्प्यातल्या चालण्याला पर्याय निघालेला नाही. प्रत्येक बीटमध्ये पाच-पाच किलोमीटरच्या तीन वाटा, खुणा ताज्या दिसाव्यात म्हणून सकाळी लवकर, आणि नोंद करणारा वनरक्षक पायीच हवा, कारण गाडीतून विष्ठा दिसत नाही आणि ओरखडे तर नाहीच नाही.